मुद्देमालातला तांब्या

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि निम्मं तापतं ते माझ्या स्वतःवरच. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधाच्या भांडणात फुटलेली डोकी पाहिली. त्यातलं बरंचसं विसरलो. पण मुखेडकडच्या एका गावातल्या देवीच्या मुखवट्यानं मला जेवढं पिडलं, तेवढं कुणा सराईत चोरानंही पिडलं नाही. सराईत माणूस खोटं बोलणार हे आपण धरूनच चालतो. इथं सगळी भली माणसं होती आणि कुणीही खरं बोलायला तयार नव्हतं.

नवरात्र म्हणजे ठाण्यात आधीच कुणाला जेवायला सवड नसते. मंडपांचे परवाने, भोंग्यांच्या तक्रारी, कोणत्या मंडळाची मिरवणूक आधी निघणार यावरून रुसवेफुगवे. शांतता समितीच्या बैठकीत सगळे मान डोलावतात आणि बाहेर पडल्यावर आपलं तेच करतात. अशा धामधुमीत घटस्थापनेच्या सकाळी फोन आला, "साहेब, लवकर या. आमची देवी चोरीला गेली."

देवी म्हणजे मूळ शेंदूर माखलेला दगडी तांदळा. त्यावर चढवायचा चांदीचा जुना मुखवटा, तो गेला होता. मंदिराची पूजा दोन गुरव भावांकडे होती. एक वर्ष थोरल्याची पाळी, एक वर्ष धाकट्याची. पाळी बदलते ती सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी. नवरात्राआधी आठ दिवस देवी निद्रा घेते अशी या गावची रीत. म्हणजे मुखवटा उतरवायचा, तांबड्या खणात गुंडाळायचा आणि गाभाऱ्यातल्या छोट्या पलंगावर निजवायचा. ते गाठोडं घटस्थापनेपर्यंत कुणी उघडायचं नाही. थोरल्यानं ते तसंच धाकट्याच्या हातात दिलं होतं. सकाळी सगळ्या गावासमोर धाकट्यानं गाठ सोडली, तर आतून पितळी तांब्या निघाला.

मी पोचलो तेव्हा धाकटा गुरव गाभाऱ्याच्या दारात बसला होता आणि त्याच्याभोवती माणसांचं कडं होतं. सगळ्यात मोठा आवाज होता मंडपवाल्या मंडळाच्या अध्यक्षाचा. मंदिरापासून शंभर पावलांवर त्याचा मंडप, त्यात भलीमोठी दुर्गेची मूर्ती, आणि उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. पाहुण्यांना मुखवट्याचं दर्शन घडवायचं म्हणून त्यानंच गाठोडं मुहूर्ताआधी सोडायला लावलं होतं.

"साहेब, ह्यालाच आत टाका. रातभर देवी ह्याच्याच ताब्यात हुती," तो म्हणाला.

मी पहिला प्रश्न विचारला, तो कोणत्याही चोरीत विचारतात. मुखवटा शेवटचा पाहिला कुणी? एक म्हातारा माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाला, "साहेब, निजलेल्या देवीला कोन बघतंय?"

म्हणजे आठ दिवसांत केव्हाही आणि कुणीही. "न बघण्याची सवयच आहे तुम्हाला!" मी सगळ्यांवर खेकसलो.

पंचनामा केला. तांब्या जप्त केला, कापडात गुंडाळला, सुतळी बांधली, लाखेचं सील मारलं आणि लेबल लावलं: "एक पितळी तांब्या, जुना वापरता." अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला. तोवर धाकट्यानं उघड्या तांदळ्यासमोर घट बसवले. मी त्याला म्हणालो, चल ठाण्यात, जबाब घ्यायचाय. माझा हवालदार त्याच भागातला, पिकल्या केसांचा माणूस. तो माझ्या कानाशी आला.

"साहेब, घट बसले की गुरवाच्या घरातलं मानूस नऊ दिवस गावाची शीव वलांडत न्हाई. त्याला हितंच इचारा."

"जबाब ठाण्यात होतात, देवळात नाही," असं मी त्याला सुनावलं. जीप गावच्या शिवेवरून पुढे गेली तेव्हा मागे बसलेल्या धाकट्यानं डोळे मिटून हात जोडले. मला तेव्हा ते नाटक वाटलं.

चौकशीत त्याच्याकडून एकच वाक्य निघायचं. "मला काई ठाव न्हाई, साहेब." आवाज चढवून झाला, चहा पाजून झाला, एकटं बसवून झालं. उत्तर तेच. संध्याकाळी सोडायचो, सकाळी पुन्हा बोलवायचो. थोरल्याला त्याच्या घरी जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "माझा भाऊ चोर न्हाई." मग चोर कोण? "मला काई ठाव न्हाई." हाताला कंपवात झालेला माणूस, पाण्याचा पेला धरतानाही सांडायचा. त्याच्यावर ओरडायची माझीच मला लाज वाटली.

गावानं बैठक घेऊन ठरवलं की अष्टमीच्या होमापर्यंत मुखवटा आला नाही, तर गुरवांची पाळी कायमची बंद आणि देऊळ मंडळाच्या ताब्यात. दोन्ही भावांची घरं देवळाच्या ओवरीला लागून. पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. पाळी गेली की पोट तर गेलंच, वर देवी विकून खाणारे म्हणून नाव झालं असतं. ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि माझ्याकडे पुढे जायला दुवा नव्हता.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. कापऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "मुखवटा मंडपात हाय. मोठ्या मूर्तीच्या मागं." मला तर कुणीतरी तहानेल्याला पाणी दिल्यासारखं झालं. पाच माणसं घेऊन थेट मंडपात शिरलो. मूर्तीमागे काय सापडलं? भोंग्याचं मशीन, प्रसादाच्या बुंदीची पाटी, पत्त्यांचा कॅट आणि अध्यक्षाच्या चपला. मुखवट्याचा पत्ता नाही. उलट मी बूट घालून देवीच्या पाठीमागे गेल्याचा फोटो दुपारच्या आत तालुकाभर मोबाईलवर फिरला. संध्याकाळी उपअधीक्षकांचा फोन. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यावर कडी म्हणजे सहाव्या दिवशी त्यांच्या कार्यालयातून कागद परत आले. तिथल्या रीडरनं, म्हणजे कागद तपासणाऱ्या अंमलदारानं, लाल शाईत शेरा मारला होता: जप्त वस्तूचं सविस्तर वर्णन नाही, ओळखखूण नाही, पूर्तता करावी. मी चरफडलो. इथं गाव पेटायची वेळ आलीय आणि यांना तांब्याचं वर्णन पाहिजे! पण वरचा शेरा, करायला तर लागतं. पंच बोलावले, त्यांच्यासमोर सील उघडलं आणि हवालदाराला म्हणालो, लिहा, उंची इतकी, घेर इतका, एका बाजूला पोचा. मग तांब्या फिरवला.

त्याच्या गळ्याखाली नाव कोरलेलं होतं.

आपल्याकडे लग्नात भांडी देताना त्यावर नाव घालतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझ्या घरातल्या प्रत्येक डब्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव आहे, आणि रोज सकाळी तेच वाचत मी चहा पितो. इथं बाईचं नाव होतं आणि खाली "वडिलांकडून भेट". हवालदारानं नाव वाचलं आणि लेखणी खाली ठेवली. "साहेब, ही तर थोरल्याची मालकीण."

सहा दिवस ते नाव माझ्या मुद्देमालाच्या खोलीत, माझ्याच सीलखाली, कापडात बांधून पडलं होतं. गाववाल्यांनी आठ दिवस गाठोडं उघडलं नाही म्हणून मी त्यांच्यावर खेकसत होतो.

महिला शिपाई सोबत घेऊन थोरल्याच्या घरी गेलो. बाई चुलीपाशी होत्या. मी तांब्या समोर ठेवला आणि म्हणालो, "मावशी, हा तुमचा का?" त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ नुसत्या रडल्या. मग जे सांगितलं ते असं.

"ह्यांचे हात लई थरथरतेत. निजेच्या दिवशी ह्यांना मुखवटा उतरवंना. म्हनले, तूच घे. आमा बायकांनी त्याला हात लावायचा न्हाई, पर काय करू? घेतला, आन्‌ सुटला हातातून. नाकापाशी चीर गेली. फुटक्या तोंडाची देवी कशी पुजायची, साहेब? गाव म्हनलं असतं, बाईनं हात लावला म्हनूनच झालं. खणात त्याच्या जागी माझा तांब्या बांधला, आन्‌ मुखवटा पिशवीत घालून देगलूरला सोनाराकडं नेला. तो म्हनला, पितरांच्या पंधरवड्यात देवाच्या चांदीला मी जाळ दावत न्हाई. घटाच्या दिवशी सूर्य उगवायला करून देतो."

"मग त्या दिवशी आणायला का गेला नाहीत?"

"गेले की! उजाडायच्या आत फाट्यावर जाऊन उभी राहिले. घट बसायच्या आत मागं येनार हुते. पर एसटीच आली न्हाई. समद्या गाड्या माहूरच्या जत्रेला लावल्या म्हनं. तवर हिकडं त्या अध्यक्षानं गाठ सोडाया लावली. आन्‌ मग घट बसले. शीव कशी वलांडू?"

मी विचारलं, कुणाला पाठवायचं तरी! "कुनाला सांगू, साहेब?" त्या म्हणाल्या. खरंच, कुणाला?

तोवर धाकटाही दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याच्यावरच उखडलो. "तुला माहीत होतं?"

"अमावास्येला गाठोडं हातात घेतलं तवाच कळलं. ल्हानपनापासून उचलतोय, देवीचं कपाळ कापडातूनबी हाताला लागतंय."

"मग सहा दिवस माझा जीव का खाल्लास?"

"तांब्या निघाला तवाच वळखला, वैनीचा हाय. माय गेल्यावर तिनंच मला वाढवलं, साहेब. तिचं नाव मी कसं घेऊ?"

आणि मंडपाबद्दलचा तो निनावी फोन? थोरल्यानं मान खाली घातली. भावावरचं लक्ष उडावं म्हणून त्यानंच केला होता. एकाच घरातली तीन माणसं एकमेकांना वाचवत होती आणि मी तिघांच्या मधे बूट घालून फिरत होतो.

देगलूरचा सोनार भेटला तेव्हा उरलासुरला संयमही गेला. मुखवटा त्याच्या दुकानात देवाच्या फळीवर तांदळाच्या राशीवर ठेवलेला, समोर समई. चीर इतकी सुबक सांधली होती की शोधावी लागत होती. "पहिल्याच दिवशी सकाळी करून ठेवला, साहेब," तो म्हणाला. "रोज वाट बघत राहिलो, कुणी आलंच न्हाई."

"चांदीचा मुखवटा चोरीला गेला, हे सगळा मुलूख बोंबलत होता. तुमच्या कानावर आलं नाही?"

"आलं की! पण तो चोरीचा. ह्यो तर दुरुस्तीचा."

मी बाहेर येऊन जीपच्या टपावर एक बुक्की मारली.

अष्टमीला मुखवटा घेऊन गावात गेलो. सगळं गाव सभामंडपात. मी एवढंच सांगितलं की चोरी झालेली नाही, मुखवटा दुरुस्तीला गेला होता. कुणी नेला, असा अध्यक्षानं आवाज दिला. थोरला म्हणाला, "मी." त्याच दमात धाकटा म्हणाला, "मी." मग बायकांच्या बाजूनं त्या बाई उठून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ह्या दोघांचं ऐकू नका. माझ्या हातून पडला, मीच नेला."

आता कल्लोळ होणार म्हणून मी शिपायांना खुणावलं. पण गाव लगेच दुसऱ्याच वादात शिरलं. मुखवटा चढवायचा कुणी? थोरल्याचे हात चालत नाहीत. धाकट्यानं शीव ओलांडली, त्याचा नेम मोडला. आणि तो मोडला कुणी? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हवालदारानं छताकडे बघितलं. भर दुपारी, तांदळा उघडा, होम खोळंबलेला, आणि हे लोक अर्धा तास नेमाधर्माचा खल करत उभे. शेवटी एका आजीबाईनं काठी आपटली. "बास करा की रे! कवाधरनं माय बिनातोंडाची बसलीय. जिच्या हातून पडली, तिच्याच हातानं चढू द्या."

अध्यक्ष तोंड उघडणार होता, पण त्याच्या स्वतःच्या आईनं त्याला मागं ओढलं. बाई गाभाऱ्यात गेल्या. त्यांचे हात जराही कापले नाहीत. पाळी गुरवांकडेच राहिली.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असं लिहून मी 'क' समरी, म्हणजे प्रकरण मिटवण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली. धाकट्याची माफी मात्र मी त्या दिवशी मागितली नाही. गणवेशात जमत नाही असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तेवढं धैर्यच माझ्यात नव्हतं.

लोकांना न बघण्याची सवय असते असं मी उगाच म्हणत होतो. मलाही होती, फक्त माझ्या गाठोड्यावर लाखेचं सील होतं. त्यानंतर जप्त केलेली एकही वस्तू चारी बाजूंनी पाहिल्याशिवाय मी बांधू दिली नाही. हाताखालचे अधिकारी वैतागायचे, वैतागू देत.

काही महिन्यांनी कोर्टाचा हुकूम आला आणि तांब्या परत द्यायला मी स्वतः गेलो, साध्या कपड्यांत. धाकटा ओवरीत होता. त्याच्यापुढे हात जोडले आणि जे बोलायचं राहिलं होतं ते बोललो. तो इतका अवघडला की उठून आतच गेला. बाईंनी तांब्या घेतला, चिंच लावून लखलखीत घासला आणि त्यातच पाणी भरून माझ्यासमोर ठेवला. मी पाणी प्यायलो. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझ्या बापानं नाव तर लई ठसठशीत घातलंय. मला रोज वाटायचं, आज तुमी वाचताल, आज वाचताल."