मालकांची गादी

सातवीत शाळा सुटलेल्या आणि कोकणातून इतक्या लांब आलेल्या मला आर्णीच्या एका कापूसवाल्याने डिझेल ट्रकवर ड्रायव्हर ठेवलं, याचंच मला अप्रूप होतं. त्यात इंजिनाच्या धगीने माझे पाय भाजतात म्हणून मालकांनी घरच्या कापसाची जाड गादी शिवून आणली आणि स्वतःच्या हाताने पेडलांखाली अंथरली. मी चपला काढून गाडी चालवू लागलो.

त्याच दिवसापासून ट्रक चढावर ओढेना, आणि गिअर टाकताना दात खाल्ल्यासारखा आवाज येऊ लागला.

"काहून गा, गिअरबॉक्स खाऊन टाकला काय तू? आता खोलाच लागते. आन् मले दुसरा ड्रायव्हर पाहा लागते," मालक म्हणाले. मला तर गावाकडे परत जायला तोंड नव्हतं.

मिस्त्री आले, ट्रकखाली शिरले. "दबाव क्लच. आता ॲक्सिलरेटर. और दबाव!"

"मिस्त्री, याच्यापुढे जात नाही."

ते बाहेर आले, केबिनमध्ये डोकावले आणि गादी ओढून काढली. "मालक, गिअरबॉक्सले काही झालं नाही. दोन्ही पेडल गादीवर टेकून राह्यले, पुरे दबतच नाहीत. ही अक्कल कोनाची?"

मालक एकदम आभाळाकडे पाहू लागले.

"माझी," मी म्हणालो.

"जाऊ द्या, मिस्त्री," मालक लगेच म्हणाले, "परमुलखातला मानूस हाये. शिकन हळूहळू."

त्यांनी मला मोठ्या मनाने माफ केलं आणि नोकरीवरही ठेवलं.