सासुरवाडीचा घुमणारा रेडिओ

तेव्हा आपला भाग अकोला जिल्ह्यातच मोडायचा आणि गावोगाव वीज नवीनच आली होती. ज्याच्या घरी रेडिओ, संध्याकाळी त्याच्या अंगणात गाव. त्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडजवळ देवमनची टपरी होती. तो रेडिओ दुरुस्त करायचा. बोलणं थोडं, पण कान असा की चहावाल्याचा स्टोव्ह नुसता ऐकून त्यात कचरा कुठे अडकलाय ते सांगावं.

धोंड्याच्या महिन्यात तो बायकोला, लिलाबाईला, घेऊन कारंजा लाडजवळ तिच्या माहेरी गेला. अनारसे झाले, नवं धोतर झालं. मग सासरे शालिग्राम यांनी पानावरच विषय काढला. त्यांना मुलगा नव्हता. जावयाने टपरी बंद करून इथे शेती, वावर पाहावं, तारांशी खेळून संसार होत नाही, असं त्यांचं म्हणणं. उद्या निघायच्या आत उत्तर हवं होतं. देवमन मान खाली घालून पोळी मोडत राहिला. टपरीत त्याचा जीव होता. पण सासऱ्याला तोंडावर नाही कसं म्हणावं?

संध्याकाळी अंगण भरलं. रेडिओ लावला, तर भुंगा कोंडल्यासारखं नुसतं घुमणं, आणि मग आवाजच बुडाला. सेलची कटकट नको म्हणून शालिग्रामांनी मोठ्या हौसेने विजेवर रेडिओ चालवायचा डबा आणला होता, एलिमिनेटर. रेडिओच म्हातारा झाला, असं ते सगळ्यांना सांगत होते. देवमन उठू लागला, तशा सासूबाई, सोजरबाई, आडव्या आल्या.

"बसा जवाईबापू. धोंड्यात जावयाच्या हाताले काम लावलं त लोकं मले काय म्हनतीन?"

देवमन सतरंजीवर बसला. रेडिओ चार हातांवर, आणि हात लावायची सोय नाही. त्याने लिलाबाईकडे पाहिलं. ती पदर खोचून पुढे झाली.

आवाज कमी कर, तो म्हणाला. तिने केला, घुमणं उतरलं, बाई बोलतेय एवढं कळू लागलं. वाढव. पुन्हा सगळं बुडालं. डब्याला हात लाव. तव्यासारखा तापलाय, तिने सांगितलं. मग त्याने सासूबाईंना जुने सेल मागितले. उघाड पडली म्हणून त्यांनी ते दिवसभर टिनावर उन्हात घातले होते, तेवढाच जीव येतो म्हणून. लिलाबाईने वायर काढली, सेल बसवले. रेडिओ स्वच्छ बोलू लागला.

अंगणात कोणी तरी हसलं. पण सासऱ्यांच्या खरेदीला देवमनने नाव कसं ठेवायचं?

लिलाबाईच बोलली. "रेडिओ धडधाकट हाय बाबा. त्याले जेवू घालनारा डबाच थकला. हलकं काम असते तवर चालते, जड झालं की बसते."

"हे तुले कोनं शिकवलं?"

"टपरीवर ह्यायले जेवनाचा डबा घेऊन जाते, तवा पाह्यते मी."

शालिग्रामांनी पान लावलं, खाल्लं, आणि सेल संपेपर्यंत बातम्या ऐकल्या.

सकाळी एसटीच्या वेळेला ते स्वतः फाट्यापर्यंत आले. वावराचं नाव नाही. काखेतला एलिमिनेटर त्यांनी पुढे केला, आणि देवमनने हात पुढे करताच, धोंड्यात जावयाच्या हाताला काम नको म्हणून, लेकीच्या हातात दिला.

"टपरी उघडली की पयले हे पाह्यजा," ते जावयाला म्हणाले. "दसऱ्याले आनून देजा. वावराले मी मानूस पाह्यतो."