उज्ज्वलचा उजवा हात

उज्ज्वल रामटेके एका जागी पाच मिनिटं शांत बसलाय, असं जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये कुणी पाहिलेलं नाही. जेवताना टेबलाखाली त्याचा पाय हलत असायचा आणि घरात असला की चेंडू भिंतीवर आपटत असायचा. "खालच्या बाई परत इमारतीच्या हाउसमाइस्टरकडे तक्रार घेऊन गेल्या तर तूच निस्तर," असं सांगून त्याची आई कांता थकली. त्यावर "जा, जा, मामा," म्हणजे 'हो, हो, आई', एवढंच जर्मन उत्तर, आणि चेंडू पुन्हा भिंतीवर.

वडील रामदास नागपूरहून इथल्या एका संस्थेत संशोधनाला आले तेव्हा हा दहा वर्षांचा होता. आसपास क्रिकेट नव्हतं. होता तो बेसबॉलचा क्लब. तिथे तेराव्या वर्षी हा पोरगा पिचर झाला आणि विसाव्या वर्षी, म्हणजे २००४ साली, पहिल्या लीगच्या एका संघाने त्याला चक्क पगारावर घेतलं. पगार तुटपुंजा होता, पण चेंडू फेकायचे पैसे मिळवणारा रामटेक्यांच्या अख्ख्या खानदानात हा पहिलाच!

रामदासांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "हातमोजा घालून कुणीही कॅच घेईल. यात कसला खेळ?" असं म्हणून ते पेपरात तोंड खुपसत. तीन मोसमांत ते एकदाही मैदानावर फिरकले नाहीत. दर सामन्याला उज्ज्वलची नजर मात्र एकदा तरी प्रेक्षकांवरून फिरे. माणूस म्हटल्यावर वाटणारच.

२००७च्या जूनमध्ये अमेरिकेतून एक स्काउट येणार, अशी खबर आली. तो मोठ्या संघांसाठी पोरं हेरत फिरत होता. आवडलास तर थेट अमेरिका, नाही तर वय निघून जाणार. तेवीस म्हणजे त्या धंद्यात म्हाताराच. आठवडाभर उज्ज्वल जेवण टाकून भिंतीवर चेंडू आपटत राहिला. शेवटी कांताने नवऱ्याला फैलावर घेतलं, "अहो, एक दिवस तुमचा तो रिपोर्ट राहू द्या. पोराला बघायला चला." आणि रामदास आले. टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन, पहिल्या रांगेत बसले.

त्या दुपारी उज्ज्वलने कमाल केली. चेंडू ऐन वेळी वळत होता, फलंदाज हवेत बॅटी फिरवत होते, स्काउट भराभर लिहून घेत होता. सहाव्या डावात एकाने तडाखा दिला आणि चेंडू सरळ पिचरच्या उजव्या बाजूने सुसाट आला. अशा वेळी पिचर आपला फेकायचा हात मागे ओढतो. इथल्या आठ वर्षांच्या पोरालाही हे शिकवलेलं असतं. चेंडू गेला तर जाऊ द्या, हात वाचला पाहिजे; मागे क्षेत्ररक्षक आहेतच. पण नागपूरच्या मैदानावर रामदासांनी त्याला शिकवलं होतं, की चेंडू समोर आला की हात घालायचा. मोजा डाव्या हातात होता; उज्ज्वलने उघडा उजवा हात घातला.

कॅच झाला. मैदानावर मात्र कुणी ओरडलं नाही. फलंदाजामागचा कॅचर डोक्याला हात लावून उभा राहिला, स्काउटने पेन खाली ठेवलं. सगळ्या मैदानात एकच माणूस उभा राहून वेड्यासारखा टाळ्या पिटत होता. "शाब्बास, पठ्ठ्या! एका हाताने! मोज्याशिवाय!"

मधल्या बोटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ते जुळलं, पण वाकडं; चेंडू पुन्हा कधी वळला नाही. स्काउटचा फोन आला नाही आणि मोसम संपताच क्लबने करारही गुंडाळला. आता उज्ज्वल इंगोलश्टाटला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो. कामात हुशार, पण जेवताना पाय अजूनही हलतोच.

सुट्टीत घरी गेला की ओळखीचं कुणी ना कुणी आलेलं असतं. "जय भीम" झाला, चहा आला, की रामदासांना राहवत नाही. "बोट मोडलं, पण कॅच सोडला नाही! दाखव रे हात." उज्ज्वल हात दाखवतो. तो चेंडू सोडायचाच होता, हे त्याने वडिलांना आजवर सांगितलेलं नाही. बाबांनी वाखाणलेला त्याचा तेवढा एकच खेळ आहे.