शकुंतलाबाईंचा तालुका आणि माझी नोटीस

आता हा किस्सा सांगू की नको? सांगतोच. पण हसा अन् इथंच विसरून जा!

ऐंशीच्या दशकाचा शेवट. शहरालगतच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी कॉम्प्युटरचा इन्चार्ज. एक मशीन, तीन टर्मिनल, अन् मशीनसाठी खास एसी! मे महिन्यात मॅनेजरसाहेब घाम पुसायचे, मशीन गारेगार. माझी ऐट तर विचारूच नका. "पासवर्डशिवाय इथं माशीही शिरत नाही," हे मी दिवसातून चारदा सांगायचो.

आमच्याकडे शकुंतलाबाई मेश्राम होत्या. गोदामातून नुकत्याच मशीनवर आलेल्या. शांत बाई, डबा उघडला की आधी दुसऱ्याला देणाऱ्या. दुसऱ्याच दिवशी पाहतो तर काय? मी पासवर्ड सांगायच्या आधीच बाई आत! गाड्यांची यादी काढून बसल्या!

मी पासवर्ड बदलला. बाई आत. पुन्हा बदलला. पुन्हा आत! मी भर ऑफिसात ओरडलो, "माह्या खांद्यावरून पाहता काय जी तुम्ही?"

साहेब तर त्यांना परत गोदामात पाठवायला निघाले.

बाईंचे डोळे भरून आले. "काहून असं बोलून राहिले, भाऊ? मले कायले पाहिजे तुमचा पासवर्ड? ते नाव विचारते, मी नाव लिहिते. झालं!"

"लिहा बरं."

त्यांनी लिहिलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा! एंटर मारला, अन् मशीन उघडलं.

मी चक्रावलो. जिल्हा खोडून पाहिला, तरी आत. तालुका खोडला, दार बंद! मग डोक्यात उजेड पडला. नावासाठी जागा थोडीशीच, अन् प्रोग्राम अक्षरं मोजतच नव्हता. जास्तीची अक्षरं शेजारच्या खणात सांडायची. त्या खणात मशीन 'पासवर्ड बरोबर' अशी खूण करायचं. खण रिकामा नसला की झालं, माणूस ओळखीचा! बाईंचा तालुका नेमका तिथं जाऊन पडत होता.

मी सगळ्यांसमोर हात जोडले. बाई म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, चहा घ्या."

मशीनवाल्यांना पत्र धाडलं. पण दुरुस्ती येईपर्यंत बंदोबस्त नको? मी मोठ्या अक्षरांत नोटीस लावली: 'नाव लांब लिहू नये. पत्त्यासकट लिहिल्यास मशीन पासवर्डशिवाय उघडते. हुकुमावरून.'

सकाळी येतो तर टर्मिनलपुढे ही गर्दी! ड्रायव्हर, हमाल, चहावाला, सगळे आपापलं गाव टाइप करून राहिले. कोणीतरी यादीतले दहाच्या दहा ट्रक इतवारी बाजाराला लावून दिलेले!

शकुंतलाबाईंनी नोटीस वाचली, माझ्याकडे पाहिलं अन् हळूच म्हणाल्या, "भाऊ, कोणालेच माहीत नव्हतं जी. तुम्हीच तं सांगितलं!"