काचेआडचे देव

बाजारात माझ्या ताईला तिच्या नावानं ओळखणारा माणूस सापडायचा नाही. तिथं ती ‘काचवाली’. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई बांगड्या विकत असेल. तसं नाही. दुकानाच्या दर्शनी काचेआड ज्या साड्या झुलत असतात, जे बूट भांडून एकमेकांकडे पाठ फिरवल्यासारखे उभे असतात, पातेल्यांचा जो मनोरा बघून घरात ढीगभर पातेली असलेल्या बाईचाही पाय अडखळतो, ते सगळं ताईचं काम. आपल्या कामाला निघालेल्या माणसाला वाटेत थांबवायचं, ही तिची विद्या. ती विद्या तिच्या अंगात इतकी मुरली आहे की तिच्या घरी आणलेली केळीसुद्धा एका अंगावर कलून, दिव्याकडे तोंड करून बसतात. केळ उचलण्याआधी भाऊजी विचारून घेतात, “हे खायचं आहे की बघायचं?”

भाऊजी तसे कमी बोलतात. ते कवळ्या बनवतात. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवणारा माणूस स्वतःचं तोंड जपून वापरतो.

ताईच्या कामाची एक रीत आहे. दुकानाची शोकेस मागून, म्हणजे दुकानाच्या आतल्या बाजूनं उघडते. ताई तिथून आत शिरून मांडामांड करते, मग बाहेर येते आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गिऱ्हाईक होऊन उभी राहते. आत दुकानातलं कुणीतरी असतं. काचेतून आवाज जात नाही, म्हणून ताई तिकडून हातवारे करते. वर, अजून वर, आता डावीकडे, तुझ्या डावीकडे नव्हे रे, माझ्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, ही रहदारी सांभाळते आहे. एकदा एक रिक्षावाला खरोखरच डावीकडे वळला होता.

लग्न नवं असताना या धंद्यावरून सासरच्या गोतावळ्यात बरीच नाकं मुरडली गेली. ‘सून काचेत उभी असते’ ही बातमी एका चुलतसासूनं अशा दबक्या आवाजात घरोघर पोचवली, की ऐकणाऱ्यानं आधी दार लावून घ्यावं. तेव्हा सासूबाई भर बैठकीत म्हणाल्या, “काचेत उभी असो नाहीतर शिडीवर, स्वतःच्या पायावर उभी आहे ना? मग झालं.” आणि त्यांनी विषय चहाकडे वळवला. आमची आई आम्हाला फार लवकर सोडून गेली. ती रिकामी जागा ताईनं त्या चहाच्या कपाबरोबर सासूबाईंना देऊन टाकली.

म्हणून सासरे गेल्यावर सासूबाई कुठे राहणार, हा प्रश्न ताईच्या जिवाला लागला. थोरल्या दिरांचं घर ऐसपैस, पुढे बाग, बागेत झोपाळा. ताईचं घर उंच इमारतीतलं, नवंकोरं आणि बेताचं. बागेच्या नावानं खिडकीत एक कुंडी, आणि तिच्यातल्या रोपाचंही मन रमलेलं नव्हतं. सासूबाईंनी कुणालाच दुखावलं नाही. त्या म्हणाल्या, “दोन्हीकडे राहून बघते. जिथं माझी समई लावावीशी वाटेल, तिथली मी.”

ताईनं हे ऐकलं आणि पदर खोचला. झोपाळ्याला टक्कर द्यायची, तर देवघर असं करायचं की जन्मात कुणी केलं नसेल. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्या मधे फळ्यांची भिंत होती. त्या भिंतीत तिनं डोळ्यांच्या उंचीवर मोठा कोनाडा कापला. आतून गडद निळा रंग, वरून लपवलेले बारीक दिवे. सासूबाईंनी आपले देव आणि पितळी उपकरणं आधीच पाठवून दिली होती. ताईनं ती घासून लखलखीत केली. मधोमध बाळकृष्ण, एका बाजूला अन्नपूर्णा, दुसरीकडे शंख, खाली निरांजन, आणि पूजेचं ताम्हन मागे असं उभं केलं की बाळकृष्णाच्या डोक्यामागे सूर्य उगवल्यासारखा दिसावा. मी पाहिलं आणि थक्क झालो. देव इतके रुबाबदार मी कधी पाहिले नव्हते. आपल्याला फोटोसाठी बोलावलंय, असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

आणि या सगळ्यापुढे, दिवाणखान्याच्या बाजूनं, ताईनं एक अखंड काच बसवली. उघडायचं दार मागे, स्वयंपाकघरात.

आता हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल, पण ताईच्या आलं नाही. तिच्या हिशेबी शोकेस मागूनच उघडते. सूर्य पूर्वेला उगवतो, त्याला काय विचारायचं?

सासूबाई आल्या. हातात एक पिशवी, पिशवीत जुन्या साडीत गुंडाळलेली समई. ती त्यांनी स्वतःबरोबरच आणली होती. ताईनं त्यांना सोफ्यावर बसवलं आणि दिवे लावले. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “छान आहे गं. अगदी दुकानात असावं तसं.”

ताईचा मला लगोलग फोन. “ऐकलंस का, आई म्हणाल्या, अगदी दुकानातल्यासारखं.” आवाजात आनंद मावत नव्हता. आयुष्यभर जिनं दुकानं सजवली, तिला याहून मोठी पदवी ती कोणती? मी म्हटलं, “वा.” भाऊजी पलीकडे काहीतरी बोलायला गेले असावेत, कारण ताईचा आवाज आला, “तुम्ही गप्प बसा हो, तुम्हाला मांडणीतलं काय कळतं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पूजेला उभ्या राहिल्या. बसायची सोयच नव्हती. एका अंगाला गॅस, दुसऱ्या अंगाला फ्रिज, वर मसाल्यांचे डबे. दार उघडून ताम्हन बाजूला घेतलं, तर समोर सगळ्या देवांच्या पाठी. बाळकृष्णाच्या पाठीला जोड आहे, हे इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा कळलं. देवाला फूल वाहायचं तेही मागून, मुलीच्या वेणीत माळल्यासारखं. गंध तर अंदाजानं बोट पुढे नेऊन लावायचं. ते बाळकृष्णाच्या नाकावर लागलं.

दिवाणखान्यात ताई चहाचा कप घेऊन बसली होती. तिला काचेतून नाक दिसलं. ती उठली, काचेसमोर उभी राहिली आणि सवयीनं हात हलवू लागली. वर. अजून वर. डावीकडे. सासूबाई आतून बघत होत्या. त्यांनी बोट उजवीकडे नेलं. ताईनं ‘नाही’ म्हणून मान हलवली. बोट अन्नपूर्णेच्या गालावर. ताईनं दोन्ही हात उंचावून ‘थांबा’ केलं. भाऊजी दाराशी बूट घालत होते. ते एवढंच म्हणाले, “मातोश्री, गाडी मागे घ्या.”

असं रोज सकाळी चालायचं. सासूबाई तक्रार करत नव्हत्या. फक्त समई पिशवीतून बाहेर येत नव्हती. ताई आडून आडून विचारी, “आई, समईला जागा ठेवली आहे हं, अन्नपूर्णेच्या शेजारी.” सासूबाई म्हणत, “असू दे गं, काय घाई आहे?” ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांचा स्वभाव नाही, पण यजमानाला ‘ताक आंबट आहे’ असं सांगायचाही नाही. निरांजनाची काजळी काचेवर बसायची. ताई कामाला जाण्याआधी कोनाड्यात मागून अर्धी शिरून वर्तमानपत्रानं काच पुसायची. तिला वाटायचं, काच अजून पुरेशी चमकत नाही, म्हणून समई अडली आहे.

मग एका सकाळी साड्यांचे शेठ आले. ताईच्या सगळ्या गिऱ्हाइकांत मोठं दुकान यांचं. त्यांनी कुणाकडून तरी या देवघराची कीर्ती ऐकली होती. नेमकी पूजेची वेळ. शेठ काचेसमोर उभे राहिले, मागे सरकले, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, आजवर तुम्ही पुष्कळ काचा केल्यात. ही त्या सगळ्यांची आई.”

ताईच्या चेहऱ्यावर आतले सगळे दिवे उतरले.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. देवांच्या मधून सासूबाईंचा हात आला, हातात निरांजन. शेठ जन्मभर गल्ल्यापलीकडे उभे राहिलेले. शोकेसमध्ये आतून नोकराचा हात आला की त्यांच्या तोंडून आपोआप शब्द निघतात. त्यांनी काचेवर बोटानं टकटक केलं आणि शंखाकडे बोट दाखवत म्हणाले, “तो जरा पुढे घ्या. हां. फिरवून दाखवा.”

सासूबाईंना ऐकू आलं नाही, पण खूण कळली. तसल्या खुणांची त्यांना आता सवय झाली होती. त्यांनी निरांजन बाजूला ठेवलं, शंख उचलला, पुढे घेतला आणि मुकाट्यानं फिरवून दाखवला. मग दोन देवांच्या मधून वाकून पाहिलं, की पाहुण्यांना दिसला ना.

शेठ खूश होऊन गेले. ताई मात्र होती तिथंच उभी. मला नंतर म्हणाली, “अरे, मला वाटत होतं मी देव काचेत ठेवलेत. मी आईंना काउंटरवर उभं केलं होतं.”

शेठ इमारतीच्या फाटकाबाहेर पडले नसतील, तोवर ताईनं कामाची पेटी उघडली होती. काच उचलायचे रबरी कप तिनं काचेवर दाबून बसवले, कडेच्या पट्ट्या काढल्या आणि आपल्या सगळ्या काचांची आई हातात घेऊन भिंतीशी टेकवून ठेवली. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“अगं, हे काय केलंस? एवढं सुंदर झालं होतं.”

“सुंदर आहे हो. पण तुम्हाला कसं हवंय ते सांगा. खरं सांगा आई, नाहीतर मी काच परत बसवीन.”

या धमकीचा परिणाम झाला. सासूबाईंनी सोफ्याच्या कडेवर बसून पोटातलं ओठावर आणलं. “मला बसता आलं पाहिजे, गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत. हात पोचला पाहिजे. आणि पूजा करताना माझी पाठ कुणाकडे झाली तरी चालेल, देवांची माझ्याकडे नको. एवढी वर्षं तोंडओळख आहे आमची.”

“मग एवढे दिवस बोलला का नाहीत?”

“तू माझ्यासाठी केलं होतंस ना. तुला काचेत उभं राहू दे म्हणून मीच भांडले होते. म्हटलं, आता माझी पाळी आली असेल.”

यावर ताई हसली की रडली, याबद्दल भाऊजी आणि ताई यांच्यात अजून मतभेद आहेत.

पुढचे काही दिवस त्या घरात फक्त करवतीचा आवाज होता. ताईनं कोनाडा खाली जमिनीपर्यंत उतरवला, मागचं दार फळी ठोकून कायमचं बंद केलं. भाऊजींनी कडा घासायला कवळ्यांची हत्यारं आणली. देव्हाऱ्याच्या कडा अशा गुळगुळीत झाल्या की आता त्या कुणाला चावणार नाहीत. मी सुटीच्या दिवशी मदतीला गेलो, तर मला भुसा गोळा करायला लावलं.

सासूबाई पाटावर बसून मुकादमकी करत होत्या. भांडणंही झाली. सासूबाईंना मागे पांढरी फरशी हवी होती, पुसायला बरी म्हणून. ताई निळ्या रंगावरून हटेना. “पांढऱ्यावर पितळ फिकं दिसतं, आई. आजारी दिसतात देव.” सासूबाईंनी डोळे बारीक करून दोन्हीकडे बघितलं. “उठून दिसतं खरं निळ्यावर,” म्हणाल्या. मग त्यांनी थोरल्या मुलाकडे ठेवलेल्या ट्रंकेतून आणखी देवांच्या तसबिरी मागवायची गोष्ट काढली. ताई म्हणाली, “गर्दी झाली की कुणाकडेच लक्ष जात नाही.” सासूबाई म्हणाल्या, “गर्दीत वाढलेत ते, त्यांना सवय आहे.” शेवटी दोन तसबिरी आल्या. त्या कुठे टांगायच्या, यावर ताईनं दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हातवारे सुरू केले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तोंडानं बोल, आता मधे काच नाही.”

काम पुरं झालं त्या संध्याकाळी सासूबाई पाटावर बसल्या, हात लांबवून बाळकृष्णाच्या कपाळावर बरोब्बर मधोमध गंध लावलं आणि पिशवी जवळ ओढली. साडीची घडी उलगडली. समई काळपट पडली होती. ताईनं घासायला हात पुढे केला, तर सासूबाई म्हणाल्या, “आज अशीच राहू दे. उद्या दोघी मिळून घासू.” वाती लावल्या आणि म्हणाल्या, “ते वरचे दिवे घालव गं.”

ताईनं लपवलेले दिवे बंद केले. निळ्या रंगावर देवांच्या सावल्या हलायला लागल्या, पितळ श्वास घेतल्यासारखं उजळायचं, मंद व्हायचं. जन्मभर बटणाच्या उजेडात काम केलेली माझी ताई मांडी घालून बघत राहिली आणि मला म्हणाली, “असा उजेड दुकानात मिळत नाही रे.” कुणी विचारलं की तुमचं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर हल्ली ती शेठच्या दुकानाचं नाव घेत नाही. म्हणते, घरी या. बहीण माझी आहे म्हणून सांगत नाही, पण जरूर जा. आणि गेलात, तर सासूबाईंसमोर तिचं कौतुक काढू नका. त्या सुरू झाल्या की जेवायची वेळ टळते.

त्या संध्याकाळीच त्यांनी थोरल्या मुलाला फोन लावला. आधी नातवंडांची चौकशी केली, झोपाळ्याची कडी करकरते का विचारलं, सुट्टीत महिनाभर येईन म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आणि हे बघ, माझी ट्रंक पाठवून दे. चंदन उगाळायची सहाणही पाठव. जड आहे, ठाऊक आहे मला. तरी पाठव.”

ताई तोवर फूटपट्टी घेऊन देव्हाऱ्यापुढे ओणवी झाली होती. सहाण केवढी आहे, तिनं खुणेनंच विचारलं. सासूबाईंनी फोन कानाशी धरून एका हातानं माप दाखवलं. ताईनं मान हलवली आणि शंख जरासा डावीकडे सरकवला.