समोरच्या खोलीतली खाट

आमच्या समोरच्या खोलीत नवारीची एक खाट होती. सहा वर्षं ती तिथं होती आणि सहा वर्षांत तिच्यावर एकदाही कोणी झोपलं नाही. ती लोकांना दाखवायची होती. माझा भाडेकरू तिच्यावर झोपतो, असं मी सांगायचो. खरं तर तो भाडेकरू नव्हता, माझा माणूस होता, आणि आम्ही दोघं आतल्या खोलीत एकाच खाटेवर झोपायचो. कोणी येणार असलं की मी समोरची चादर चुरगळायचो आणि उशीला मुठीनं खळगा पाडायचो. त्याला हे अजिबात आवडायचं नाही. तो मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातला, मोटारपंपाचं वाइंडिंग करणारा. तार जळली तर जळली म्हणून गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

माझा धंदाच संशयाचा आहे. मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये मी आलेल्या धानाचा ओलावा पाहतो. यंत्र आहे, तरी एक दाणा दातात धरल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. शेतकरी सांगतो, "भाऊ, तीन दिवस उन्हात वाळवलं." मी लोखंडी नळी पोत्याच्या पार तळाशी खुपसतो, कारण तोंडाशी सगळेच चांगलं धान ठेवतात. वीस वर्षं हे काम केल्यावर कोणी गोड बोललं तरी माझा हात आपोआप नळीकडे जातो.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पंचवीस-तीस घरांची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळे एकाच पोळीचा तुकडा खातात. इकडे सगळे भात खाणारे, पण त्या दिवसासाठी माझी आई गव्हाची बेखमीर, बिनमिठाची पोळी भाजायची. ती गेल्यावर कोणी काही न ठरवता ते काम माझ्याकडे आलं. शनिवारी संध्याकाळी पोळी भाजायची आणि रविवारी सकाळी पांढऱ्या रुमालात बांधून चर्चमध्ये नेऊन द्यायची. मग मागच्या बाकावर बसायचं आणि ताट आपल्यापर्यंत आलं की पुढं सरकवायचं. मी भाजलेली पोळी मी कधीच खाल्ली नाही. अयोग्य माणसानं ती खाल्ली तर स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे लहानपणी पक्कं डोक्यात बसलं होतं. देव सगळ्यांना जवळ घेतो, असंही उपासनेत सांगत. मला ते पोत्याच्या तोंडाशी ठेवलेलं धान वाटायचं.

आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यापासून सिस्टरबाई यायला लागल्या. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहणाऱ्या, दोन्ही गुडघ्यांनी बेजार आणि मंडळीच्या पंचकमिटीतल्या एक. पोळीच्या शनिवारी न बोलावता यायच्या, "जय ख्रिस्त" म्हणायच्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पोळी होईपर्यंत हलायच्या नाहीत. खाटेवर कधी बसल्या नाहीत, नुसत्या तिच्याकडे बघायच्या. यांना कमिटीनं पाठवलंय, अशी माझी खात्रीच होती. चहा देताना मी न विचारताच सांगायचो, भाडेकरूला थंडी फार वाजते, म्हणून दोन ब्लँकेटं ठेवलीत. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

मागच्या हिवाळ्यात नवे पाळक आले. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी मला हापशीपाशी गाठलं आणि हसत म्हणाले, "पोळीचा त्रास तुम्ही किती वर्षं घ्यायचा? चंद्रपूरहून ब्रेड मागवू म्हणतो. अजून पक्कं नाही, कमिटीशी बोलतोय." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. जरा लवकरच काढला, असं मला वाटलं.

घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणत होतं. आमच्या घरात बाहेरचं माणूस एकच येत होतं. "सिस्टरबाईनंच सांगितलं," मी म्हणालो. हा मोटारीची तार गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "मग तिलेच विचार."

पुढच्या शनिवारी मी कणीक मळलीच नाही. परात पालथी घालून बसलो. सिस्टरबाई ठरल्या वेळी आल्या. त्यांनी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाळकांना तुम्हीच सांगितलं ना?" मी म्हणालो. "ही खाट तपासायलाच येता ना तुम्ही दर महिन्याला?"

त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मलाच आणखी राग आला. खुर्ची ओढून सावकाश बसल्या.

"खाट तं पह्यल्याच दिवशी समजली मले, बाबू. छत्तीस वर्षं वॉर्डात खाटा लावल्या मी. माणूस झोपला की नवार मधात खाली येते. तुही चादर चुरगळलेली अन् नवार ताठ. मोठे साहेब तपासणीले आले, की आमच्याइथी अशाच दाखवाच्या खाटा दिसत."

सहा वर्षं मी त्या उशीला ठोसे मारत होतो.

"पाळकानं कमिटीत इचारलं, त्या घरी काय चाललं हाये," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, पोळी भाजून राह्यला, अजून काय. दोघं म्हणाले, आमी त्याच्या हातची नाई खात. मी म्हटलं, नका खाऊ. सहा वर्षं खाल्ली, तवा कोणाचं पोट नाई दुखलं."

"माहीत होतं, तर येत कशाला होता?"

"तुही माय गेली. पोळी कच्ची राह्यली तं कोण सांगन तुले?" मग त्या थोड्या पुढं वाकल्या. "मले एक सांग. सबन मंडळीले खाऊ घालतं, अन् तू काऊन खात नाई? देवालेही खाटच दाखवून राह्यला का?"

राग आला होता, लाज वाटत होती आणि रडूही येत होतं, सगळं एकदमच. आतल्या खोलीत तार गुंडाळण्याचा आवाज थांबला होता.

"मळ कणीक," सिस्टरबाई म्हणाल्या.

रविवारी मी एकेका माणसाचे हात पाहत बसलो. एका निवृत्त मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोनं ताट तसंच पुढं दिलं. पाळकांनी तुकडा घेतला. गिळायला त्यांना वेळ लागला की मलाच तसं वाटलं, देव जाणे. ताट माझ्याकडे आलं. मी तुकडा उचलला आणि पुढच्या दातांत धरला, धान धरतो तसा. मऊ होता, नीट भाजलेला होता. गिळला, आणि आता दंड येईल म्हणून थोडा वेळ खरंच वाट पाहिली. तेवढ्यात सगळे गीताला उभे राहिले, म्हणून मीही उभा राहिलो.

ब्रेडचं अजून मिटलेलं नाही. पाळक "पाहू" म्हणतात, आणि त्यांच्या त्या "पाहू"वर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या आठवड्यात आम्ही समोरची खाट सोडली. नवार गुंडाळून, सांगाडा सुटा करून दोन्ही माळ्यावर टाकलं.

पुढच्या पोळीच्या शनिवारी सिस्टरबाई आल्या तेव्हा खुर्चीवर उघडलेली मोटार होती. त्यांनी खाटेच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकत तशाच आत गेल्या आणि आमच्या खाटेवर बसल्या. तव्यापासून मी मान लांब करून पाहिलं, ही बाई आता काय तपासते म्हणून. त्या चादरीचा सुटलेला कोपरा गादीखाली घट्ट खोचत होत्या, वॉर्डात खोचत असतील तसा.

"इकडं काय पाहून राह्यला," त्या तिथूनच म्हणाल्या. "पोळी पलटव."