थंड गाडीचा आवाज

आमची गाडी सकाळी सुरू होताना खडखडायला लागली, तेव्हा सगळ्यात आधी मला गाडीचाच राग आला. माणूस आजारी पडतो ते समजतं, पण हिला काय धाड भरली? दिवसाआड यवतमाळ गाठायचं, एवढंच तर हिचं काम. माझा नवरा हिच्यात बसून डायलिसिसला जायचा. ही अंगणातच बसली तर तो जाणार कसा, हा एकच घोर त्या हिवाळ्यात माझ्या जिवाला लागला होता.

आमचं गाव केळापूरच्या पुढं, आडरानात. पहिली एसटी येते तोवर दवाखान्यातला आमचा नंबर निघून जातो. वेचणीच्या दिवसांत गावातली एकूण एक गाडी पहाटेच बाया भरून कापसाच्या वावरात जाते, तेव्हा कोणाच्या हातापाया पडूनही उपयोग नसतो. आणि परतताना हे इतके गळून जात की मागची सीट पाडून निजवूनच आणावं लागे. एसटीत कुठं निजवू? गाडी सात सीटची, डिझेलची. कितीतरी वर्षं यांनीच चालवली. यांच्या हातातलं बळ गेलं तेव्हा मी कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या मोकळ्या वावरात स्टेअरिंग धरायला शिकले आणि हे धुऱ्याच्या बांधावर बसून ओरडायचे, "अवं, क्लच सोड! पाय चिकटला काय तुह्या?"

तो आवाज कसा, ते सांगते. रात्रभर थंड पडलेल्या गाडीची चावी फिरवली की इंजिन पकडायचं आणि समोरच्या अंगानं खडखडखडखड, डब्यात खिळे घालून हलवल्यासारखं. थोड्या वेळानं आपोआप बंद. मग दिवसभर बाईसाहेब शहाण्यासारख्या. पांढरकवड्याच्या मिस्त्रीकडं न्यावी तर तिथं पोचेपर्यंत ती तापलेली, आवाजाचा पत्ता नाही. त्यानं हीटर बदलले, नोझल तपासून आणले, टॅपेट बसवले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. शेवटी मी आवाज फोनमध्ये भरून नेला. तो फोन कानाला लावून म्हणतो, "काकू, फोनमधी सगळ्याच गाड्या अशा वाजतेत."

"मंग करू काय मी? घरी नेऊन निजवू तुले?"

"रातभर गाडी इथंच सोडा न. थंडी झाली का आयकतो."

ते मला जमणारं नव्हतं. दिवाळीनंतर एका रात्री यांना श्वास घेता येईना, तेव्हा याच गाडीनं वाचवलं होतं. ती अंगणात नसली तर माझा डोळा लागायचा नाही. मिस्त्रीला ते पटलं, पण मी निघताना तो नको ते बोलून गेला. इंजिनाच्या आतली चेन ढिली झाली असली तर सुरू करतानाच कधीतरी घसरेल, आणि घसरली की इंजिन गेलं समजा. झालं! त्या दिवसापासून चावी फिरवायच्या आधी मी स्टेअरिंगला हात जोडायचे. सुरू झाली की हुश्श, आणि परवाच्या सकाळची काळजी तिथूनच सुरू.

यांना विचारलं. यांचा कान असा की रस्त्यानं जाणारा ट्रॅक्टर कोणाचा, ते घरात बसून सांगत. "तुमी तरी सांगा, कायचा आवाज हाय?"

हे भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "मले काय समजते आता."

मला भडभडून आलं. आजारानं माणसाचा कानसुद्धा नेला म्हणून मी चुलीपुढं बसून रडले.

शेवटी मिस्त्रीला गळ घातली की बाबा, तूच ये. डायलिसिस नसलेल्या दिवशी, उजाडायच्या आत, गाडी थंड असताना ये आणि स्वतःच्या कानानं ऐक. पोरगा भला, तयार झाला. आता एकच धास्ती होती. आमच्याकडं थंडीत डिझेलचं इंजिन चटकन उचलत नाही, म्हणून पहाटे पऱ्हाटीचा विस्तव घमेल्यात घेऊन इंजिनाखाली सरकवतात. इंजिनाच्या चेंबरातलं तेल कोमट होतं आणि गाडी एका दमात, न खडखडता सुरू होते. शेजारच्याच घरात राहणारे माझे दीर रोज ट्रॅक्टरखाली घमेलं ठेवतात आणि मायेपोटी कधीकधी आमच्या गाडीखालीही. म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्यांना बजावून सांगितलं, "भाऊजी, उद्या आमच्या गाडीखाली इस्तो नोको. थंडीच राहू द्या."

"नाही ठेवत, वयनी," ते म्हणाले.

मिस्त्री आला तो दुपट्ट्यानं कान बांधून, मोटरसायकलवर कुडकुडत. कान मोकळे करून तो बोनेटपाशी वाकला. मी चावी फिरवली. गाडी अशी सुरू झाली, जशी काल शोरूममधून आली. खड् नाही का खुड् नाही.

"काकू, गाडी तं मस्त हाय!" तो हसला.

मी उतरून खाली हात घातला. चेंबर ऊन. जमिनीवर राख सांडलेली. माझं डोकंच फिरलं. दिराच्या दारात जाऊन मी असा तोंडाचा पट्टा सोडला की गल्ली जागी झाली असेल. "एक दिवस, एक दिवस आयकाले सांगतलं होतं तुमाले! माह्या नवऱ्याच्या जिवावर उठले काय?"

दीर गोधडी पांघरून तसेच बाहेर आले. "वयनी, म्या नाही ठेवला. पोराइची शपथ. आज तं मी अजून उठलोबी नाही."

मग कोण? मी परत अंगणात आले. हे ओट्यावर शाल पांघरून बसले होते. यांच्या डाव्या हातात सुया टोचतात, त्या हातानं काहीही जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. त्याच हाताच्या पट्टीवर राख होती.

"म्या ठेवला," हे म्हणाले. "मिस्त्रीले आवाज आयकू येऊ नये म्हणून."

"काहून?"

"चेन हाय ते. पहिल्या दिवशीच समजलं मले." आवाज एकदम शांत. "घसरली असती तं गाडी बसली असती. तू कोणाच्या पाया पडून दोन-चारदा नेलं असतं. मंग थकली असती. मी सुटलो असतो."

"अन् मी रस्त्यात असती तं?"

"चालत्या गाडीत नाही घसरत ते. सुरू करतानाच घसरते. अंगणातच गेली असती."

म्हणजे हिशेब पक्का करून बसला होता हा माणूस! मी कडेला पडलेल्या घमेल्याला लाथ मारली. "मराचं होतं तं मले सांगाचं होतं! मी इकडं चावी चावी करून मरून राह्यली अन् तुमी..." बिचारा मिस्त्री दुपट्टा हातात धरून खाली बघत उभा होता.

"सांगतलं असतं तं तू आयकलं असतं? दिवसाआड उचलते, नेते, टोचून आणते. येता काय, नाही येत काय, एक दिवस तरी इचारलं?"

मी आजही सांगते, डोळ्यांदेखत माणूस बुडत असताना कोणी विचारत बसत नाही. हात धरून ओढतात. मी तेच केलं आणि पुन्हा वेळ आली तर तेच करीन. पण त्या सकाळी मी यांच्याकडं पाठ केली. मी मिस्त्रीला एवढंच म्हटलं, "चेन हाय. घेऊन जा गाडी, अन् यांच्या डायलिसिसच्या पाळीआधी आणून दे."

चेनच होती. ती ताणून धरणारा टेन्शनर पार गेला होता. मिस्त्रीनं दोन्ही बदलले आणि शब्द दिल्याप्रमाणे गाडी आणून उभी केली. डायलिसिसच्या दिवशी पहाटे मी चावी फिरवली. थंडगार गाडी, विस्तव नाही, काही नाही, आणि आवाज एकदम साफ. हे ओट्यावर उभे होते. रोजच्यासारखं उतरून यांना दंडाला धरून आणायचं, पण मी बसूनच राहिले. काच खाली केली.

"येता काय?"

दोन शब्द, पण तोंडातून काढताना माझा जीव गेला. यांनी शाल अंगाभोवती लपेटली. मग हळूहळू पायऱ्या उतरले. "आज येतो," म्हणाले.

तेव्हापासून दर पाळीला विचारते. परवा यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी गाडी बंद केली नाही. तशीच बसले, पदर तोंडात कोंबून रडले, आणि पुन्हा विचारलं.